चपलांची मंडळी

बाथरूमच्या बंद दाराबाहेर बूट आणि चपला ओळीने ठेवलेल्या. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे.

*

धाकट्या गोळ्याला खालचा एक दात आलाय. चमचा लावला की टक् वाजतो. घरातल्या प्रत्येकाने तो वाजवून पाहिलाय. बाबांनी तर कामावरून फोन करून ऐकला.

*

मावशी, वाटाणे सोलता सोलता: "पाळक येईपर्यंत ते बाळ थांबलं नसतं. मग बाप्तिस्मा मीच केला. नर्सला करता येतं. नर्सलाच काय, वेळ आली तर कुणालाही येतं. पाणी हवं, शब्द हवेत आणि खेळ नको."

*

"देवाला अंगठे असतात का?" ढब्बूने दात घासताना विचारलं. उत्तर मिळालं नाही, कारण बाबांच्या तोंडातही ब्रश होता.

*

आत्या, स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकू आलेली: "वहिनीची बहीण उभी राहणार असेल तर राहू दे, दादा. मी दुकानाच्या वरच्या खोलीत जाते. मला काय लागतं, एक खाट आणि एक शेगडी. रोजचं जाणंयेणं तरी वाचेल."

*

कोमट पाण्यात बुडवलेला एक कोपर.

*

रविवारी या घरात उपासना दोनदा होते. सकाळी मोठ्यांची, रस्त्याच्या टोकाशी असलेल्या चर्चमध्ये. मग जेवणाआधी लहानांची, मागच्या खोलीत.

लहानांच्या उपासनेला माणसं मिळत नाहीत, म्हणून मंडळी चपलांची. पुढारी दारातले सगळे जोड उचलून आणते आणि ओळीने बसवते. ती सात वर्षांची आहे. हे नाव आजीने वैतागून ठेवलं होतं, तिने ते पदवीसारखं स्वीकारलं. बाबा इमारतींना काचा बसवतात. त्यांचे कामाचे बूट पहिल्या रांगेत, कारण ते जीभ बाहेर काढून झोपतात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. आई शहराची बस चालवते. तिचे काळे बूट प्रवचन अर्ध्यावर आलं की येतात. आजीच्या मऊ सपाता म्हणजे गाणारे लोक. आत्या खालच्या रस्त्यावरच्या दुकानात खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवते, म्हणून तिच्या चपलांना कायम दोरे चिकटलेले. मावशीचे पांढरे बूट आले, तर ते पाहुणे. त्यांना उशी मिळते.

दान म्हणून आत्याच्या डब्यातली बटणं. प्रवचनाचा विषय वर्षभर एकच: ढकलाढकली करू नये. पाच वर्षांचा ढब्बू ऑर्गन असतो. वाजवत नाही, असतो. आजी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची त्या काळात तो तिच्या पायाशी बसून शिकला, त्यामुळे खालचे सूर त्याला जास्त चांगले जमतात.

या मागच्या खोलीत बाहुलीचा बाप्तिस्मा इतक्या वेळा झालाय की तिचे केस गळलेत. मांजराचाही झाला. मांजराने तो मानला नाही.

गोळ्याचा तेवढा होत नव्हता. त्याचा खरा व्हायचा होता, आणि खऱ्याला माणसं लागतात.

*

अडलं होतं ते एवढ्यावर. बाळाला हातावर घेऊन पाळकांसमोर कोण उभं राहणार? या घराची रीत अशी की धर्ममाता एकच. पुढारीच्या वेळी मावशी होती, ढब्बूच्या वेळी आत्या. दोन मुलांपर्यंत न्याय सोपा असतो. तिसरं मूल वाटता येत नाही.

आईचं म्हणणं, गोळा जन्माला आला तेव्हा तिची बहीण सोबत होती, सगळ्यात आधी त्याला तिनेच पुसलं. आजीचं म्हणणं, पुसणं हे नर्सचं कामच आहे. पोट दुखतं तेव्हा रडणाऱ्या पोराला खांद्यावर टाकून येरझाऱ्या कोण घालतं, ते बघा. बाबांचं म्हणणं असं काही नव्हतं. कुणी विचारलं की ते खिडकीची काच पुसायला घ्यायचे. घरातल्या काचा आताशा फार स्वच्छ दिसत होत्या.

दोनदा तारीख ठरून मोडली. तिसऱ्यांदा पाळकसाहेब स्वतःच म्हणाले की रविवारी तुमच्याकडेच जेवायला येतो, टेबलावर सगळे असतील, उठण्याआधी ठरवून टाकू.

*

त्या रविवारी बाबा शेजारून एक खुर्ची मागून आणायला गेले आणि शेजाऱ्याने त्यांना गळकी खिडकी दाखवायला थांबवून घेतलं. आजी डुलकी काढत होती. आई बसवर होती, मावशी दवाखान्यातून सुटून तिच्याच बसने यायची होती. बाबा खुर्ची डोक्यावर घेऊन परत आले तेव्हा घर शांत होतं. इतकं शांत की त्यांनी आधी मुलं मोजली. तिन्ही होती. गोळ्याचे केस ओले होते.

"आंघोळ झाली वाटतं?"

"हो," पुढारी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "तशीच."

बाबांना बटाटे बघायचे होते.

*

जेवायला बसले तेव्हा बाबांच्या लक्षात आलं की आज आत्या भांडत नाहीये. ती गोळ्याला मांडीवर घेऊन कुस्करलेला बटाटा भरवत होती. चमचा दाताला लागून टक् वाजला की ती स्वतःशीच हसायची. तिने सामान बांधलं असणार, बाबांना वाटलं. बांधून झालेल्या माणसालाच असं निवांत हसता येतं. आत्या लहान होती तेव्हा त्यांच्याच पाठीवर बसून नदी ओलांडायची. घरातल्या चटईची नदी.

पाळकसाहेब उंच, हडकुळे आणि जेवताना कधीच घाई न करणारे. सूप संपवून, वाडगा पावाने पुसून खाऊन त्यांनी विषय काढला. मग सगळं नेहमीच्या वाटेने गेलं. आईने शांतपणे सांगितलं. आजीने त्याहून शांतपणे खोडून काढलं. मावशी म्हणाली की मला कुणाच्या घरात भांडण लावायचं नाही, मी मागे सरते. ते तिने अशा आवाजात म्हटलं की मागे सरणं हाच तिचा विजय ठरावा. त्यावर आईच तिच्यावर घसरली.

"तू कशाला मागे सरतेस? माझ्या बाजूने बोलायला इथे आहे कोण दुसरं?"

हे बाबांना उद्देशून होतं. बाबांनी काचेकडे पाहिलं.

"वन्सं, तुम्ही तरी काही बोला," आई म्हणाली.

"मी काय बोलू, वहिनी," आत्या म्हणाली आणि गोळ्याची हनुवटी पुसली.

"पण त्याचं झालंय," ढब्बू म्हणाला.

"काय झालंय रे?"

"बाप्तिस्मा. मी पाय धरले होते."

टेबल हसलं. पाळकसाहेबही हसले, आजी खोकल्यापर्यंत हसली, आणि त्या हसण्यात वातावरण जरा सैल झालं. मावशी सगळ्यात मोठ्याने हसत होती. मग तिची नजर पुढारीकडे गेली आणि ती सगळ्यांच्या आधी थांबली.

पुढारी हसत नव्हती. ती पाळकसाहेबांकडे बघत होती. एक कारागीर दुसऱ्या कारागिराकडे बघतो, तसं.

*

पाळकसाहेबांनी विचारलं. आवाज अजून थट्टेचाच होता. पाणी कुठलं? बादलीतलं, कोमट. कशाने ओतलं? कान तुटलेल्या कपाने. किती वेळा? तीनदा. कुठे? डोक्यावर. थोडं कानात गेलं, ते टॉवेलच्या टोकाने काढलं.

"आणि म्हणालीस काय?"

पुढारीने हात मांडीवर ठेवले आणि सांगितलं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. एकही शब्द खाल्ला नाही, एकही जास्तीचा घातला नाही.

थट्टा तिथे संपली. पाळकसाहेबांनी काटा खाली ठेवला.

"नाव काय घेतलंस?"

"गोळा. त्याचं खरं नाव लांब आहे. ओतताना दम पुरत नाही."

"चालेल," पाळकसाहेब हळूच म्हणाले. "देव चेहऱ्यावरून ओळखतो."

मग ते मोठ्यांकडे वळले. बाप्तिस्मा एकदाच होतो, त्यांनी समजावलं. दुसऱ्यांदा करता येत नाही, मलाही नाही, कुणालाच नाही. पाणी होतं, शब्द बरोबर होते. राहिली एकच गोष्ट. मुलीने तो खेळ म्हणून केला असेल, तर काहीच घडलेलं नाही. तुम्ही तारीख काढा, मी आनंदाने करीन. पण तो खेळ नसेल, तर हे मूल तुमच्या बाथरूममध्ये बाप्तिस्मा घेऊन बाहेर आलंय, आणि मला त्यात काही करण्यासारखं उरलेलं नाही.

"आता नीट आठवून सांग," ते पुढारीला म्हणाले. "तू खेळत होतीस का?"

*

तोच क्षण, आजीच्या खुर्चीवरून.

मागच्या थंडीत गोळ्याला ताप चढला होता. तेव्हापासून आजीच्या मनात एक काटा रुतून बसलेला. पोराला अजून पाणी लागलेलं नाही. हे ती कुणाला बोलली नव्हती. सुनेला वाटलं असतं, सासू अभद्र बोलते. आता तो काटा निघाला होता आणि जागा थंडगार लागत होती. नाही म्हण, आजी मनात म्हणाली, खेळत नव्हते म्हण. मग तिला लेकीची आठवण झाली. शेजारीच बसलेल्या लेकीची. तिच्यासाठीच तर एवढी भांडले मी. हे मूल तिच्या हातावर बघायचं होतं मला.

आत्याच्या हातावर मूल होतंच. बटाटा खात होतं.

*

तोच क्षण, बाबांच्या खुर्चीवरून. ती शेजारची होती आणि एका पायात डुगडुगत होती.

झालं असेल तर कुणाला निवडायचंच नाही. कुणाला निवडलं नाही तर कुणी जायचं नाही. काच तडकली म्हणून आपण धावत यावं आणि कुणीतरी आधीच नवी बसवून गेलेलं असावं. बाबांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर एवढं हलकं वाटलं नसतं.

*

तोच क्षण, आईच्या खुर्चीवरून.

त्या वेळी मी कुठे होते? बाजाराच्या थांब्यावर. एका म्हाताऱ्याची छत्री दारात अडकली होती. मी उतरून ती सोडवली, तो म्हणाला, देव तुमचं भलं करो, आणि मी म्हटलं, आत सरका जरा. तेव्हा असेल. नाहीतर पुलावर. पहिल्या दोघांच्या वेळी मी पहिल्या बाकावर होते. पाणी पडताना प्रत्येकाने कसा चेहरा केला, ते मला अजून करून दाखवता येतं. पुढारीने कपाळाला आठ्या घातल्या, ढब्बूने शिंक दिली. याचं काय? याचं माझ्याकडे काहीच नाही. ओले केस तेवढे. तेही आता वाळले.

आणि मग आई बोलली, जे तिने बोलायला नको होतं.

"अगं, खेळच होता ना तो? दर रविवारी खेळता तसा. सांग ना पाळकसाहेबांना. कुणी रागावणार नाही."

"ताई," मावशी म्हणाली, "तिचं तिला बोलू दे."

बहिणीने बहिणीला भरल्या टेबलावर असं अडवल्याचं या घरात कुणी पाहिलं नव्हतं. आत्याने पहिल्यांदाच मान वर केली. तिने मावशीकडे पाहिलं आणि काहीतरी पटल्यासारखी मान हलवली.

*

पुढारीच्या खुर्चीवर दोन उशा असतात, तरी टेबल तिच्या छातीशी येतं. कुणाला काय हवंय, ते तिथून नीट दिसतं. आईला काय हवंय, ते तर अगदीच दिसत होतं. आईचे डोळे बसच्या आरशात बघतात तसे बारीक झाले होते.

"खेळत होतो," पुढारी म्हणाली.

आईने श्वास सोडला.

"पण आधी. आणि नंतर. तेव्हा नाही."

"तेव्हा म्हणजे कधी?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"चपला बाहेर काढल्या तेव्हा."

कुणाला काही कळलं नाही. मग आजी सावकाश म्हणाली, "बाथरूमच्या दाराशी होत्या ओळीने. माझ्या सपाता मी तिथूनच उचलल्या. तोंडं भिंतीकडे होती सगळ्यांची."

"भिंतीकडे का गं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"त्यांनी बघू नये म्हणून," पुढारी म्हणाली. "त्या चपला आहेत ना."

पाळकसाहेबांनी हातरुमाल काढून चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. तिने इतके रविवार सांभाळलेली, उशा दिलेली, प्रवचनं दिलेली मंडळी उचलून दाराबाहेर ठेवली होती, आणि का ठेवली ते त्या टेबलावरच्या कुणालाही वेगळं सांगावं लागलं नाही.

"झालाय," ते म्हणाले.

मग बाबांनी तोंड उघडलं. या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदा. "पण केलंस कशाला, बाळा?"

"आत्या दुकानावर राहायला जाणार होती. आधीच झालं, तर कुणालाच उभं राहायला लागणार नव्हतं. मग कशाला गेली असती ती?"

आत्या उठली. गोळ्याला तिने मावशीच्या मांडीवर ठेवलं, सरळ, हातात चमच्यासकट, आणि सूपाचं रिकामं भांडं घेऊन आत गेली. नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला.

"काही हरवलेलं नाही," पाळकसाहेब आईला म्हणाले. पुढच्या रविवारी त्याला मंडळीसमोर आणा, मी पाणी ओतणार नाही, आशीर्वाद देईन. वचनं द्यायची राहिलीत, ती द्या. एकीनेच उभं राहायचं ही रीत तुमच्या घराची, चर्चची नाही. ज्यांना उभं राहायचं त्यांनी उभं राहावं. ढब्बू पाय धरील.

ढब्बूला इतकं महत्त्व झेपेना. त्याने संधी साधून घेतली. "पाळकसाहेब, देवाला अंगठे असतात का?"

पाळकसाहेबांनी राहिलेला बटाटा तोंडात टाकला आणि विचार करत चावला. "जेवण होऊ दे," ते म्हणाले. "हा प्रश्न रिकाम्या पोटी घेण्यासारखा नाही."

*

भांडी घासताना मावशी आत्याजवळ जाऊन उभी राहिली आणि ताटं पुसायला लागली. वाटाणे सोलताना ते सगळं मीच बोलले होते, ती म्हणाली, त्या दवाखान्यातल्या बाळाचं. पोरगी लक्ष देऊन ऐकतेय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

आत्याने हातातलं ताट धुतलं, उलटसुलट पाहिलं आणि तिच्याकडे दिलं.

"शिकवलंत चांगलं," ती म्हणाली. "ठेवा ते वरच्या फळीवर. तुमचा हात पोचतो."

*

संध्याकाळी मुलांच्या आंघोळी. ढब्बू आटोपून पळाला. पुढारी टॉवेल गुंडाळून केस पुसत होती, तेव्हा आई दाराशी आली. दुपारपासून ती तिच्याशी रागावून बोलली नव्हती. मुळात बोललीच नव्हती.

"मला दाखव," आई म्हणाली.

"पुन्हा करता येत नाही. पाळकसाहेब म्हणाले."

"करू नकोस. नुसतं सांग. पहिल्यापासून."

पुढारीने आईकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. आई अजून गणवेशात होती. मग आईला कळलं. तिने वाकून काळे बूट काढले, दाराबाहेर ठेवले आणि तोंडं भिंतीकडे वळवली. आत येऊन टबाच्या काठावर बसली.

पुढारीने सांगितलं. गोळ्याला इथे ठेवलं, या टॉवेलवर, हा घडी घालून डोक्याखाली. ढब्बू तिथे. ढब्बूला हसू येत होतं, म्हणून त्याला गाल आत ओढून धरायला सांगितलं.

"आणि पाणी पडलं तेव्हा त्याने काय केलं?"

"पहिल्यांदा वर बघितलं. दिव्याकडे. दुसऱ्यांदा डोळे मिटले."

"रडला?"

"नाही. तिसऱ्यांदा त्याने कप धरला आणि चावला."

"चावला?"

"दात वाजला. टक्."

आई हसली. मग तिने तोंडावर हात धरला आणि पुन्हा हसली. पुढारीने तिला थोडा वेळ दिला, कारण प्रवचनात कुणी रडलं तर पाळकसाहेब तसाच देतात. मग गोळ्याचा चेहरा करून दाखवला: भुवया वर, खालचा ओठ पुढे, नजर दिव्याकडे. आईने तो तसाच केला. चुकला. पुढारीने दुरुस्त केला. तिसऱ्या खेपेला जमला.

"मग मी आमेन म्हटलं, आणि ढब्बू ऑर्गन झाला," पुढारी म्हणाली. तिला दुपारपासून एक शंका छळत होती. "तेवढं खेळात धरायचं का?"

आईने विचार केला. "नाही," ती म्हणाली. "तेही खऱ्यातच धर."

बाहेरून ढब्बूचे खालचे सूर ऐकू येत होते. कुणीतरी त्याला हळू वाजायला सांगत होतं.

*

पाणी आत्याने दिलं होतं. कोपर बुडवून पाहिलं, कशाला हवंय ते विचारलं, पुढारीने खरं ते सांगितलं, आणि आत्याने बादलीत आणखी थोडं गरम ओतलं.